पॅसेजमधला ओटा

आमच्या फ्लॅटचं दार उघडलं की लगेच घर लागत नाही, आधी पॅसेज लागतो. एक खाट टाकली तर कडेनं जेमतेम चालता येईल, एवढाच. माझा नवरा देशावरचा, साताऱ्याकडचा. अंगणात क्रिकेट खेळून वाढलेला. तो त्याला बोगदा म्हणतो. बोगद्याच्या एका भिंतीपलीकडे बाथरूम, दुसऱ्या भिंतीला जिन्याकडची हवा खेळवणारी सिमेंटची जाळी, आणि पुढे संगमरवराची पट्टी ओलांडली की हॉल. सकाळी उशिरा त्या जाळीतून ऊन आत येतं आणि फरशीवर हळूहळू सरकत राहतं. मी कितीतरी सुट्ट्या ते ऊन बघण्यात घालवल्या आहेत. मला डोळे उघडे ठेवून झोपता येतं, असं माझे वडील म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही.

वडील निर्मळला राहतात. आमची वाडी आहे, केळीची, भाजीची, थोडी फुलांची. आई गेल्यापासून ते एकटेच ती बघतात. आठवड्यातून एकदा तरी स्कूटरवरून वसईला माझ्याकडे येतात. पायाजवळच्या पिशवीत केळफूल, अळूची पानं, शिराळी, वर ओल्या फडक्यात गुंडाळलेला सोनचाफा. बेल वाजवायची, पिशवी माझ्या हातात द्यायची, मला वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळायचं आणि निघायचं, एवढीच त्यांची भेट. आत या म्हटलं की म्हणायचे, "पाय मातीचे आहेत, बाय. इथूनच जातो." मी खाली बघायची. पाय खरंच मातीचे असायचे, आणि माझी फरशी पांढरीशुभ्र.

माझी एवढीच इच्छा होती, की माझ्या वडिलांनी माझ्या घरात घटकाभर बसावं आणि माझ्या हातचं पेलाभर पाणी प्यावं. बाकी त्यांच्याकडून मला काही नको होतं. शेजारणीचे वडील यायचे, सोफ्यावर आडवे व्हायचे, मोठ्यानं टीव्ही लावायचे, आणि ती वैतागायची. मी तिच्याकडे असूयेनं बघायची. माझे वडील चपलांच्या ढिगापलीकडे कुरिअरवाल्यासारखे उभे राहायचे, हे मला फार लागायचं.

मग मी ठरवलं, दोष त्या दारातल्या जागेचा आहे. ती जागा माणसाला थांब म्हणत नाही. ती बदलायची.

ओळखीची एक मुलगी घरांची सजावट करते. तिनं मोबाइलवर परदेशातल्या घरांची चित्रं दाखवली. तिकडे म्हणे चिखलासाठी वेगळी खोली असते, तिला मडरूम म्हणतात. उंच कपाटं, प्रत्येकाच्या नावाची खुंटी, खाली बुटांचे कप्पे. नवरा म्हणाला, वसईत चिखलाला वेगळी खोली देऊन उपयोग नाही, तो सगळ्या खोल्यांतून फिरतो. मी मात्र त्या चित्रांत हरवले. रात्री स्वयंपाक करताना, बँकेत काउंटरवर बसले असताना माझ्या डोळ्यांपुढे आमचा पॅसेज हळूहळू उजळत जायचा. एखाद्या गिऱ्हाइकाला दोनदा हाक मारावी लागायची.

त्या मुलीचं म्हणणं होतं मोठा आरसा लावा, जागा दुप्पट दिसेल. मला दुप्पट दिसायला नको होती, बसता यायला हवी होती. आरसा शेवटी लहानच घेतला, तोही दारासमोर नाही, कडेला. निघता निघता टिकली सरळ करण्यापुरता. चपलांसाठी भिंतीला चिकटून उथळ कपाट केलं, त्याची दारं वेताच्या जाळीची, म्हणजे आत कोंदट वास साचत नाही. छत्र्या आणि रेनकोट ठिबकतात म्हणून त्यांच्या पितळी खुंट्या दाराच्या अगदी जवळ घेतल्या. आणि बाथरूमच्या भिंतीतून पाण्याची लाइन काढून गुडघ्याएवढ्या उंचीवर एक नळ बसवला. त्याच्याखाली फरशी थोडी खोल करून खडबडीत कडप्पा टाकला, कोपऱ्यात पाणी जायला जाळी. सोसायटीतल्या एकानं वाकून बघून विचारलं, इथे काय, म्हैस बांधणार का? मी म्हटलं, बघू, मिळाली चांगली तर.

शेवटी बाक. वाडीतला वादळात पडलेला फणस वडिलांनी कापून ठेवला होता. त्याची फळी मागितली तेव्हा त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. तेलपाणी झाल्यावर ती फळी हळदीसारखी पिवळी दिसू लागली. ऊन तिच्यावर येऊन टेकलं की मलाच तिथून उठावंसं वाटेना.

पहिल्यांदा वडील आले तेव्हा मी दार उघडून बाजूला झाले. त्यांनी नळ बघितला. वाडीत बावखल आहे, म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्या काठच्या दगडावर रोज पाय धुतात तसेच त्यांनी इथे पाय धुतले, टाच टाचेवर घासून. खुंटीवरचा पंचा घेतला, पाय पुसले आणि बाकावर बसले. फळीवरून हात फिरवला. म्हणाले, आपला फणस. मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात धावतच गेले. पाणी घेऊन आले तर त्यांनी मान हलवली आणि पिशवीतून स्वतःची बाटली काढली. वाडीवरून भरून आणलेली. दोन घोट घेतले, झाकण लावलं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या घराण्यात लेकीला मूल झाल्याशिवाय आईबाप तिच्या घरात बसत नाहीत की अन्नपाणी घेत नाहीत. लग्नात आईनं मला हे सांगितलं होतं, हसत हसत, म्हणजे तू लवकर बारशाला बोलावशील. आई याच दारात कितीदा येऊन उभी राहून गेली होती. तिच्याबरोबर ती रीतही गेली असं मी धरून चालले होते. आणि मी वेडी नळ बसवत बसले होते. मातीचं निमित्त होतं, माती कधीच अडचण नव्हती.

मी म्हटलं, मग बाबा, बसलात कसे? त्यांनी हॉलच्या तोंडाशी असलेल्या संगमरवराच्या पट्टीकडे बोट केलं. त्यांच्या हिशेबी उंबरठा तो होता. त्याच्या अलीकडे जे मी बांधलं, तो ओटा. आणि ओट्यावर कुणीही बसावं, वाटसरूनं बसावं, ज्याच्याशी बोलणं नाही त्यानंही बसावं, त्यानं कुठली रीत मोडत नाही. हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला हसूही आलं आणि रडूही.

त्यानंतरचे दिवस मला एकात एक मिसळल्यासारखे आठवतात. ते बाकावर, मी पट्टीच्या आत फरशीवर. मध्ये मोगऱ्याची ओंजळ. मी गजरा गुंफायची, ते पानवेलीबद्दल बोलायचे. कडप्प्यावरचं पाणी सुकत जायचं, ऊन त्यांच्या पायांवरून खुंटीवरच्या छत्रीवर जायचं. कुठेतरी खाली भाजीवाली ओरडायची आणि ते डोळे मिटूनच सांगायचे, तिची मेथी आपल्या बाजूची नाही. मी सुखात होते. पण तरी त्या चार बोटांच्या पट्टीपाशी माझा जीव अडकून असायचा.

कारण आम्हाला मूल होणार नव्हतं. डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितलं होतं, आम्हा दोघांचं व्हायचं तेवढं रडून झालं होतं, आणि आता आमचं बरं चाललं होतं. वडिलांना तेवढं सांगितलं नव्हतं. ते बाटली भरून आणत होते ते रीत म्हणून नव्हे, हे मला कळत होतं. ते वाट बघत होते. ती बाटली म्हणजे त्यांची आशा होती, आणि ती माझ्या हातानं काढून घ्यायची माझी हिंमत होत नव्हती. आशा गेली तर ते ओट्यावरही यायचे नाहीत, अशी भीती वाटायची.

एका रविवारी उन्हं फार होती. ते घामानं निथळत आले, पाय धुतले, बसले. बाटलीतलं पाणी तापलं होतं, तरी तेच प्यायले. मला ते बघवेना. हातातला गजरा तसाच ठेवून मी म्हणाले, "बाबा, आम्हाला मूल होणार नाही. कधीच नाही. डॉक्टरांनी सांगून झालंय."

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, ती पिशवीत ठेवली. मला वाटलं आता उठतील, स्कूटरची किल्ली घेतील. ते उठले खरे, पण नळाशी गेले आणि पुन्हा पाय धुतले. नीट पुसले. मग पट्टी ओलांडून, जणू रोजच येतात तसे, हॉलमधून सरळ स्वयंपाकघरात गेले. सोफा, टीव्ही, कशाकडेही बघितलं नाही. मी मागोमाग. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो ओला होता.

"पाणी दे," ते म्हणाले.

मी माठातलं दिलं. ते उभ्यानंच, एका दमात प्यायले. पेला स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवायला गेले आणि हात मध्येच थांबला. चेहरा असा झाला की मी तसा कधी बघितला नव्हता, आई गेली तेव्हाही नाही.

"भर वैशाखात आम्ही दोघं आलो होतो इथे, तुझ्या वास्तुशांतीला," ते म्हणाले. "परत जाताना तिचा घसा कोरडा पडला होता. मीच म्हटलं, कळ काढ, पुढच्या वर्षी पोटभर पी." त्यांनी पेला पुन्हा माझ्यापुढे धरला. "तिच्या वाटणीचं पण दे."

मी माठात पुन्हा ओगराळं बुडवलं.