भाजका मका

ताईचं लग्न झालं तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती. ठाण्याला रजिस्टर पद्धतीने झालं, साक्षीदार म्हणून मी सही केली. नवरा मुलगा, म्हणजे आमचे भावजी, तिच्याच ऑफिसातले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. सही करताना मला खरंच आनंद झाला होता. डोंबिवलीच्या घरी परत आले, कुलूप काढलं, आणि लक्षात आलं की या घराचं कुलूप मी फारसं कधी काढलेलंच नाही. आधी आई घरात असायची. आई गेल्यावर ताई माझ्या आधी कामावरून यायची. आम्ही दोघींनीही लग्न केलं नव्हतं, आणि आता असंच चालायचं, असं मी धरून चालले होते.

मी कल्याणच्या एका कॉलेजात ग्रंथालयात काम करते. तिथे हळू बोलायची सवय, आणि घरी बोलायला कुणी नाही. एकदा सुट्ट्या जोडून आल्या, तेव्हा दुधाच्या पिशव्या टाकणाऱ्याला ‘उद्यापासून एकच’ असं सांगायला दार उघडलं तर घशातून आवाजच निघेना. खाकरून पुन्हा सांगावं लागलं.

श्रावण संपत आला तशी गावठी मक्याची कणसं दिसायला लागली. खडवलीकडून एक बाई ती घेऊन येते, तिच्याकडूनच आम्ही दरवर्षी घ्यायचो.

“आज एकट्याच? ताई बरी हाय ना?” तिने विचारलं.

“तिचं लग्न झालं.”

“काय थट्टा करता!” म्हणून ती इतकी हसली की शेवटी मीही हसले. नेहमीइतकीच कणसं पिशवीत घालून तिने माझ्या हातात दिली, आणि कमी कर म्हणायचं मला सुचलं नाही.

आमच्याकडे त्या कणसांचा भाजका मका व्हायचा. तोंडीलावणंच ते, पण ज्या दिवशी असेल त्या दिवशी वरणभात त्याच्यासाठी खायचा. पदार्थ मूळचा आमचा नाही. आई लग्न होऊन ठाण्याला आली तेव्हा शेजारी इथलंच जुनं ख्रिश्चन कुटुंब होतं, शेती करणारं. ते मक्याच्या किसात अंडी आणि नारळाचं दूध घालून पातेलं चुलीवर ठेवायचे, झाकणावर निखारे. आईने अंडी काढली, दही आणि बारीक रवा घातला, वर हिंग-मिरची. पुढे आम्ही डोंबिवलीला राहायला आलो आणि निखाऱ्यांऐवजी काचेच्या झाकणाचा गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन आला. मोठेपणी आम्ही कामं वाटून घेतली होती. किसणं माझं, पुढचं सगळं ताईचं.

म्हणजे मला अर्धाच पदार्थ येत होता. कणसं किसून झाली, परातीत दुधाळ कीस जमला, आणि मी थांबले. ताईला फोन लावला.

“रवा किती गं?”

“अंदाजानेच घालते मी. कीस किती पातळ आहे त्यावर. दही आंबट आहे का?” मागून भावजींनी काहीतरी विचारलं. “थांब हं, यांचा चहा उकळतोय,” ती म्हणाली.

‘यांचा.’ ताईच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. फोन तिने बंद केला नव्हता, कप-बशांचा आवाज येत होता. मीच ठेवला.

मका वरून छान तांबूस झाला आणि आतून कच्चा राहिला. कडेकडेचा मी ओट्याशीच उभ्याने खाल्ला, उरलेला टाकून दिला. आईच्या घरात अन्न टाकलं याचं वाईट वाटलं, आणि मग त्या निमित्ताने खूप रडू आलं.

पुढच्या रविवारी पुन्हा केला. रवा जरा जास्त, आच मंद. सुरी घालून पाहिली तर स्वच्छ बाहेर आली. एवढा चांगला झाला होता की कुणाला तरी दाखवल्याशिवाय राहवेना. डबा भरला, ठाण्याला गेले आणि घोडबंदरची बस धरली. ताईला कळवलं नाही. बहिणीकडे जाताना कधी कळवायचं असतं?

दार तिनेच उघडलं. “अगं, तू! ये, ये. बरोबर जेवायच्या वेळी आलीस.” टेबलावर पानं वाढलेली होती, आणि मधोमध काचेच्या भांड्यात भाजका मका. पिवळा, फुगलेला.

“यांना अंड्याचा आवडतो,” ती जरा संकोचून म्हणाली. “आई सांगायची ना, मुळात तसाच करायचे. म्हटलं करून बघू.”

भावजी भला माणूस. त्यांनी दोन्ही वाढून घेतले, दोन्हींना छान म्हणाले. ताईने माझ्यातला एक घास घेतला आणि चावायची थांबली. “आईसारखा झालाय गं,” म्हणाली. “अगदी आईसारखा.” मग मान खाली घालून खात राहिली. तिचा मीही खाल्ला. चांगला होता. मला कोरा टॉवेल काढून दिला होता आणि पाणी ट्रेमधून आलं होतं.

निघताना ती खाली स्टॉपपर्यंत आली. “आज राहा ना.”

“उद्या कॉलेज आहे.”

“इथून जा.”

“कपडे नाही आणले.”

“माझे आहेत की,” ती म्हणाली. खरंच, वर्षानुवर्षं आम्ही एकमेकींचे कपडे घातले होते. पण बस आली आणि मी चढले. ती हात हलवत नव्हती, नुसती उभी होती. ट्रॅफिकमध्ये बस तिथेच अडकली, त्यामुळे बराच वेळ आम्ही काचेतून एकमेकींकडे बघत राहिलो, काय करावं ते न कळून. मग तिने खूण केली, पोचलीस की फोन कर.

बिनअंड्याचा, हिंगाचा भाजका मका आता फक्त माझ्याकडे होतो. यंदा मी थोडीच कणसं घेतली आणि लहान डब्यात लावला. तरी दोन दिवस पुरला. दुसऱ्या दिवशीचा तव्यावर तुपात परतला की जास्त चांगला लागतो, हे मला आजवर माहीत नव्हतं. आमच्याकडे तो दुसऱ्या दिवसापर्यंत कधी उरायचाच नाही.