पाठ करा!

सहदेव तोंडाचा फटकळ आणि तितकाच गप्पिष्ट. माजिवड्याच्या ट्रॅफिकपासून भाच्याच्या लग्नातल्या फसलेल्या बासुंदीपर्यंत कशावरही बोलेल, ऐकणारा थकेल पण हा थांबणार नाही. बावीस वर्षं अॅम्ब्युलन्स चालवतोय. पण आज गाडीत कोण होतं एवढं फक्त विचारून बघा. म्हणेल, "माणूस होता." संपलं! बायको, रचना, वैतागते. शेजारच्या बिल्डिंगमधून कोणाला नेलं हे तिला भाजीवाल्याकडून कळतं, आणि नेणारा इथे घरात बसून चहा पितोय.

"अहो, मला सांगितलंत तर तुमचं काय जातंय?"

"माझं काही जात नाही गं. त्याचं जातं," म्हणत हा पठ्ठ्या चहा बशीत ओततो.

याला कारण त्याची आई. वागळे इस्टेटच्या चाळीत राहायचे तेव्हाची गोष्ट. पोटुशी आई नळावर चक्कर येऊन पडली. लोकांनी उचलून टेम्पोत घातलं. लुगडं भिजलेलं, सुटलेलं, आणि सगळी चाळ बघत उभी. वाईट कोणीच नव्हतं हो, मदतच करत होते बिचारे. आई वाचली. पण पुढची अकरा वर्षं ती उजेडात नळावर गेली नाही, पहाटे उठून पाणी भरायची. सहदेवला त्या चाळीचा अजून राग येतो.

म्हणून त्याची स्वतःची एक रीत आहे, कुठल्या ट्रेनिंगमध्ये न शिकवलेली. सायरन गल्लीच्या तोंडाशीच बंद. आणि स्ट्रेचर बाहेर काढायच्या आधी जमलेल्यांना हाळी, "चला, पाठ करा!" बघ्यांना हाकलून उपयोग नसतो, चार पावलं मागे जातात आणि पाच पुढे येतात. त्यापेक्षा त्यांनाच खांद्याला खांदा लावून, पेशंटकडे पाठ करून उभं करायचं. आलायत ना एवढे तंगड्या तोडत? मग पडदा व्हा!

त्या रविवारी सकाळी मात्र डोंबिवली पूर्वेला सगळा घोळ झाला. गल्लीत टेम्पो आडवा आणि त्याचा ड्रायव्हर गायब. सायरन वाजवत वाजवतच गेटपर्यंत जावं लागलं, आणि अख्खी गल्ली गोळा झाली.

बिनलिफ्टची जुनी बिल्डिंग. दुसऱ्या मजल्यावर सुहासिनीबाई एकट्याच राहायच्या. वय शहात्तर, मागच्याच गल्लीतल्या शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलेलं. आंघोळ करताना बाथरूममध्ये पडल्या होत्या. शेजारच्या शालनकडे किल्ली असायची, तिने आत जाऊन अंगावर चादर टाकली. खुब्याचं हाड मोडलेलं, पाय जरा हलवला तरी किंकाळी, त्यामुळे कपडे चढवणं शक्यच नव्हतं. गाडीवरच्या तरुण डॉक्टरने, ऐश्वर्याने, पाय बांधला, सलाईन लावलं, बाईंना स्ट्रेचरवर घेतलं आणि सहदेवला बाजूला ओढलं.

"काका, प्रेशर खाली चाललंय. आत रक्तस्राव असणार. पटकन निघायला हवं."

पण बाईंनी बाथरूमची कडी घट्ट धरून ठेवली होती. "मी येणार नाही."

"बाई, अहो..."

"खाली कोण कोण जमलंय ते ऐकू येतंय मला. सगळी माझी मुलं आहेत. त्यांच्यासमोरून अशी नाही जायची मी. संध्याकाळी न्या. अंधार पडू दे."

संध्याकाळपर्यंत काय होईल ते ऐश्वर्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आईच बोलतेय असं वाटलं त्याला. आणि ही गर्दी त्याच्याच सायरनने जमवली होती.

"बाई, मला पाच मिनिटं द्या," तो म्हणाला. "एकानेही बघितलं, तर मी स्वतः तुम्हाला परत वर आणून ठेवीन."

"शब्द?"

"शब्द."

तो धडधडत खाली उतरला. जिन्याच्या तोंडाशी चाळिशीतला एक जण मोबाईल उंच धरून उभा. केबलवाला संदेश.

"काय रे, शूटिंग?"

"नाही काका, सोसायटीच्या ग्रुपवर अपडेट टाकतोय. बाई आमच्या आहेत ना!"

"तुमच्या आहेत म्हणून जगाला दाखवतोस? घाल तो खिशात!" आणि मग सहदेवने आवाज चढवला, "चला, पाठ करा!"

"काय पाठ करायचं?" मागून कोणीतरी विचारलं. त्या गल्लीत या शब्दाला एकच अर्थ होता, सोमवारी बाईंना म्हणून दाखवायची कविता. एरवी सहदेव पोट धरून हसला असता.

"कविता नाही रे बाबांनो! तोंड भिंतीकडे, पाठ इकडे! बाईंना खाली यायचंय. तुम्ही बघताय म्हणून अडून बसल्यात त्या."

"झालंय काय पण त्यांना?"

"विचारायचं नाही. फिरा!"

पहिला वळला तो संदेश, खाली मान घालून. मग त्याच्या बाजूचा, मग बाकीचे. जिन्यापासून गेटपर्यंत दोन्हीकडे पाठीच पाठी.

डोक्याकडे ऐश्वर्या आणि शालन, पायाकडे सहदेव, असे ते उतरले. बाईंनी डोळे गच्च मिटलेले. शेवटच्या वळणावर स्ट्रेचर तिरकं झालं, तळाच्या पायरीवर हिसका बसला आणि चादर सर्रकन घसरली. "अगं बाई!" शालन ओरडली. सहदेवचे दोन्ही हात अडकलेले. त्याने समोर बघितलं. पन्नासएक माणसं होती, सगळ्यांनी ओरडणं ऐकलं होतं. एकही मान हलली नाही. स्ट्रेचर टेकवून शालनने चादर पुन्हा नीट खोचली.

मग बाईंनी डोळे उघडले. चौतीस वर्षं परीक्षेला बाकांच्या मागून फिरलेली ती नजर. पाठींवरून सावकाश फिरत ती एका पाठीवर थांबली.

"संदेश," क्षीण आवाजात त्या म्हणाल्या, "पोक काढू नकोस रे. ताठ उभा राहा."

ती पाठ एकदम ताठ झाली. "हो बाई," तो समोरच्या भिंतीला म्हणाला. आवाज पार चिरकला होता.

जाता जाता बाईंनी सलाईनचा हात चादरीतून काढला आणि त्याच्या पाठीवर ठेवला. संदेशचे खांदे गदगदायला लागले. पण त्याने मागे वळून बघितलं नाही.