गेवराईहून आलेलं उत्तर

मी कॉम्प्युटरवाला माणूस. बिघाड आहे म्हणजे कारण आहे, आणि ते सापडेपर्यंत उठायचं नाही... एवढीच माझी श्रद्धा. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहाला बाहेर जायचो. तरी हे लिहितोय.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. बीडच्या एका बियाणे कंपनीला जुनी ईमेल यंत्रणा काढून नवी बसवायची होती. त्याआधी जुनीत काय काय बिघडलंय, याची यादी करणं माझं काम. प्रत्येक शाखा मोडेमवरून बीडच्या मशीनला फोन लावून मेल उचलायची. मी सकाळीच सगळ्यांना टेस्ट मेल टाकला – मिळाला की उत्तर द्या.

गेवराईकडून उत्तर येणं शक्यच नव्हतं. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटून तिथल्या गल्लीचे फोन तीन दिवस बंद होते. म्हणून तिथले ऑपरेटर नागनाथअप्पा तक्रारींची वही घेऊन स्वतःच बसने बीडला आले होते. पन्नाशीचे, एकटे, घरी फक्त म्हातारी आई. शाखेला कुलूप.

दुपारी पाटोद्याचं उत्तर आलं. पाठोपाठ गेवराईचं. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी, एकच ओळ – आई मोरीत पडल्यात, लवकर या.

अप्पांनी ती दोनदा वाचली. खिसा चाचपला.

"किल्ली तर माझ्यापाशी हाय, साहेब."

दुसऱ्या शाखेतून कुणीतरी चेष्टा करत असेल, मी म्हणालो.

"असंल. पर मी जातो."

कंपनीच्या जीपने मीही गेलो. मोरीला आतून कडी होती. दार तोडलं. आई फरशीवर होत्या, खुबा मोडलेला, अर्धवट शुद्धीत. अप्पांची बस गेली तेव्हापासून तशाच पडून होत्या. शेजारी कुणाला पत्ता नव्हता.

दवाखान्यात नेताना जीपमध्ये आईंनी विचारलं, "तुला कोन सांगितलं रे?"

फोन आलता, अप्पा म्हणाले.

"फोन तर बंद हाय."

अप्पांनी त्यांचं डोकं मांडीवर नीट घेतलं. संध्याकाळपर्यंत तशाच पडून राहिल्या असत्या तर हाती लागल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले. वाचल्या.

दुसऱ्या दिवशी मी गेवराईचं ऑफिस उघडून घेतलं. फोन बंदच. मशीनवर कव्हर. पाठवलेल्या मेलमध्ये काही नाही. माझा टेस्ट मेल तर बीडच्या मशीनमधून उचललाच गेला नव्हता... मग उत्तर आलं ते कशाचं? बाकी शाखांचे सगळे कॉल तपासले, त्यांनी पाठवलेल्या मेलशी चोख जुळले; गेवराईच्या नावाने कुणी काही पाठवलं नव्हतं. आणि समजा कुणी पासवर्ड चोरलाही, तरी कडी लावलेल्या मोरीत काय झालंय हे त्याला कसं कळणार?

अहवालात गेवराईपुढे मी लिहिलं – लाइन बंद, चाचणी झाली नाही. कंपनीच्या साहेबांनी सही केली. इतकी वर्षं झाली, त्या रकान्यात याहून खरं काय लिहावं, मला अजून सुचलेलं नाही.