जे होणार नाही ते आधी लिहा

येरवड्यात आमच्या वस्तीत विहाराशेजारी एक खोली आहे. पूर्वी तिथे बालवाडी भरायची. बालवाडी गेली आणि मंडळाचं सामान आलं. जयंतीच्या कमानीचे सांगाडे, दिव्यांच्या माळा, जुने फ्लेक्स. या सगळ्याला अकरा महिने पक्कं छप्पर आणि अभ्यास करणाऱ्या पोरींना नळाचा कट्टा. यावर मी भाषणं पुष्कळ केली. खोली रिकामी करून घेतली ती चंपाताई ओव्हाळांनी.

चंपाताई खराडीच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये स्वयंपाक सांभाळतात. शिक्षण आठवी. त्यांची मुलगी अक्षता बँकेच्या परीक्षेला बसते. घर दहा बाय दहाचं, माणसं पाच, टीव्ही एक. पोरगी हंड्यांच्या रांगेशेजारी पुस्तक घेऊन बसायची. दोनदा थोडक्यात हुकली.

"तिसऱ्या वेळेला कट्ट्यावरून उठून परीक्षेला जाणार नाही ती," ताई एवढंच म्हणाल्या.

एका संस्थेनं अभ्यासिकेसाठी टेबलं, दिवे, पुस्तकं द्यायची तयारी दाखवली. अट एकच, आधी एका पानाचा प्रोजेक्ट चार्टर द्यायचा. संस्थेच्या चैताली मॅडमनी समजावलं, "काम सुरू करण्याआधीचं सगळ्यांचं ठरलेलं समजा. काय करायचं, कशासाठी, कधीपर्यंत, जबाबदारी कोणाची, परवानगी कोणाची. आणि काय करायचं नाही, तेही. शुक्रवारपर्यंत द्या. नाहीतर टेबलं दुसऱ्या वस्तीत जातील."

मंडळाची बैठक बसली. अध्यक्ष रामदास. पान तासाभरात भरलं. उद्देश : वस्तीचा सर्वांगीण विकास. जबाबदारीच्या रकान्यात एकोणीस नावं. आमच्याकडे फ्लेक्सवर एखाद्याचा फोटो टाकायचा राहून गेला की तो वर्षभर तोंड फिरवून जातो, म्हणून इथेही कोणाला वगळलं नाही. आधारस्तंभ, युवा नेतृत्व, सगळे आले. मार्गदर्शकांत पहिलं नाव माझं होतं. ते मला योग्यच वाटलं. 'काय करायचं नाही' हा रकाना मात्र रिकामा. वाईटपणा कोण घेणार?

बुधवारी पान परत आलं. खाली मॅडमनी एकच ओळ लिहिली होती : दिवा बंद पडला तर मी फोन कोणाला करायचा?

"एकोणीस जण आहेत की," रामदास म्हणाला. "कोणालाही करा."

चंपाताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "आमच्याकडे एकदा भात तिघींच्या भरवशावर राहिला होता, दादा. करपला. तिघी एकमेकींकडे बघत बसल्या. पेन द्या."

पहिलं नाव त्यांनी माझंच खोडलं.

"भाऊ, तुम्ही महिन्यातले वीस दिवस मोर्च्यात. दिवा गेला तर घोषणा द्याल."

मी तडक उठलो, चपला घातल्या. कोणी थांबवलं नाही, म्हणून परत बसलो. दुसरं नाव त्यांच्या नवऱ्याचं, दत्तोबांचं. "यांना घरी सांगते मी." असं करत सगळी नावं गेली. खाली त्यांनी लिहिलं : जबाबदार, चंपा ओव्हाळ. पुढे फोन नंबर. सर्वांगीण विकासावर काट मारून लिहिलं : बारा मुलींना रोज सकाळी सात ते रात्री नऊ बसायला जागा, एक जूनपासून.

मग रिकाम्या रकान्याकडे वळल्या. "कँटीनच्या फळ्यावर मी 'आज नाही' आधी लिहिते. डोसा नाही, ताक नाही. मग रांगेत भांडण होत नाही." आणि लिहीत गेल्या : वाढदिवस नाही. बारसं नाही. प्रचाराचं कार्यालय नाही. मंडळाचं सामान नाही.

रामदास तापला. "मग सामान काय माझ्या डोक्यावर ठेवू?"

"तुमच्या गच्चीवर ठेवा. परवाच पत्रा टाकलाय तुम्ही."

"जयंती तुमची नाही का, ताई?"

चंपाताई जराही हलल्या नाहीत. "माझीच आहे. म्हणूनच विचारते. कमानी आत आणि पोरी कट्ट्यावर, हे बाबासाहेबांना चाललं असतं का? तुम्ही अध्यक्ष आहात. तुम्हीच सांगा."

रामदासनं पान स्वतःकडे ओढलं. किल्ली त्याच्याकडे होती, त्यामुळे परवानगीची सही त्याचीच लागणार होती.

"नावापुढे अध्यक्ष लिहू?"

"लिहा की. तोच तर अधिकार पाहिजे."

सही झाली. शुक्रवारी पान पोचलं. एक जूनला खोली उघडली आणि पानाची प्रत प्लास्टिकमध्ये घालून ताईंनी दाराला लावली.

ऑगस्टमध्ये रामदास आला. पुतण्याच्या मुलीचं बारसं होतं, बाहेर सारखी पावसाची भुरभुर. "दोन तासांचा प्रश्न आहे, ताई. घरचंच कार्य."

"दारावर वाचा."

"वाचलंय हो."

"खालपर्यंत वाचा. सही कोणाची आहे?"

आत नऊ पोरी माना खाली घालून बसल्या होत्या. एकीनंही वर बघितलं नाही. "माझीच," रामदास हळू आवाजात म्हणाला आणि गेला.

बारसं त्याच्या गच्चीवर झालं, पत्र्याखाली, कमानींच्या शेजारी. पन्नास माणसांचा भात चंपाताईंनी एकटीनं केला.

अक्षताची परीक्षा येत्या रविवारी आहे. ती पास होईल, असं त्या पानावर कुठे लिहिलेलं नाही. खोली सातला उघडेल, एवढंच लिहिलंय. मी आज मुद्दाम पावणेसातला जाऊन बघितलं. चंपाताई कुलूप काढत होत्या.