सौदीहून आलेला प्रेक्षक

सौदीत खफजीला एका जपानी तेल कंपनीच्या कॅम्पात मी एसी मेकॅनिक होतो. आमच्या बरॅकी एका बाजूला, जपानी साहेबांची घरं दुसऱ्या बाजूला, मध्ये तारेचं कुंपण. एका शुक्रवारी दुपारी एका साहेबांचा एसी दुरुस्त करायला गेलो, तर ते व्हिडिओवर जपानी सिनेमा बघत होते. काम संपवून मी निघालो, तेव्हा त्यांनी हातानेच खुणावलं, बस.

साहेब पन्नाशीचे, एकटे. कामावर कुणाशी फारसं बोलायचे नाहीत. आमचं दोघांचंही इंग्रजी मोडकंच, पण मी दर शुक्रवारी जाऊ लागलो. बरॅकीत छताकडे बघत पडून राहण्यापेक्षा ते बरं होतं.

त्यांची बहीण जपानहून कॅसेटी पाठवायची. सगळ्यांत एकच नट. कधी खुनशी सरदार, कधी दारुडा कोळी, कधी बायको गेलेला म्हातारा मास्तर. मला तो ओळखूच यायचा नाही.

"हाही तोच?" मी विचारायचो.

"तोच," साहेब म्हणायचे, आणि स्वतःच काम केल्यासारखे खुलायचे.

पुढे तो नट जपानी टीव्हीवर सकाळचा कार्यक्रम करू लागला; बहीण त्याच्याही कॅसेटी पाठवायची. भाजी चिरता चिरता गाणी म्हणायचा, समोर बसलेल्या बायकांना हसवून बेजार करायचा. भाषा कळत नसूनही मी हसायचो.

तेव्हा एकदा साहेबांनी सांगितलं, तरुणपणी ते आणि हा नट जोडीने विनोदी कार्यक्रम करायचे. दोघांत एक खोली, दोघांत एक चांगला कोट. मग साहेबांचे वडील अंथरुणाला खिळले आणि त्यांनी नोकरी धरली. "तो म्हणाला होता, तू ये, मी थांबतो," एवढं बोलून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

त्या वर्षी साहेब सुट्टीवर गेले ते त्याला भेटायचं ठरवूनच. नवा शर्ट मला दाखवला. पण सुट्टी संपायच्या आतच परत आले. मी गेलो तर टीव्ही बंद.

"भेटला का?"

"त्याच्या कार्यक्रमाला प्रेक्षकांत बसलो होतो. तो माईक घेऊन खाली आला, थेट माझ्यापाशी. विचारलं, कुठून आलात? म्हटलं, सौदीहून. तो म्हणाला, बघा, किती लांबून आलेत! लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"तुम्ही नाव नाही सांगितलंत?"

"सांगितलं. छान नाव आहे, म्हणाला. मग पुढच्या बाईकडे गेला."

गडबडीत लक्ष गेलं नसेल, असं काहीतरी मी म्हणणार होतो. पण आदल्या सुट्टीत रत्नागिरीला माझी धाकटी लेक मला बघून आईच्या पदराआड लपली होती. "हे कोण?" असं तिने विचारलेलं मी ऐकलं होतं. आम्ही दोघं त्या काळ्या काचेसमोर नुसते बसून राहिलो.

त्यानंतर साहेबांनी कॅसेट लावली नाही. बहिणीकडून आलेली पार्सलं कोपऱ्यात तशीच पडून असायची. बरोबरचे जपानी एकेक करून मायदेशी गेले, साहेब मात्र मुदत वाढवून घेत राहिले.

माझा करार संपला, तेव्हा निरोप घ्यायला गेलो. ते दारातच उभे राहून कमरेत वाकले.

"साहेब, तुम्ही घरी कधी जाणार?"

"नाही."

त्यांना नीट कळलं नसावं, म्हणून मी पुन्हा विचारलं.

"नाही," ते म्हणाले आणि त्यांनी दार हळूच लावून घेतलं.