रेणुकाच्या शाळेचा प्रश्न आणि बिराजदारबाई

आमच्या पालिकेच्या मुलींच्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका श्रीमती गंगाबाई बिराजदार यंदा साठ वर्षांच्या झाल्या. त्यांच्या कामाविषयी अनेकजण लिहितील. मी एकच हकिगत सांगणार आहे, कारण तिची सुरुवात माझ्या चुकीपासून झाली.

बहात्तरच्या दुष्काळात मी सोलापुरात नवी शिक्षिका म्हणून रुजू झाले, तीच बाईंची पहिली ओळख. त्यांनी मला दुसरीचा वर्ग दिला आणि म्हणाल्या, "पट मोठा आहे. आठवड्यात सगळ्यांची नावं पाठ करा." त्या वर्गात रेणुका होती. तिचे वडील अंबादास मागावर चादरी विणत. घरची भाषा तेलुगू. ती शेजारणीच्या पाटीवरचं उतरवून काढी, पण विचारलेल्याला उत्तर देत नसे. दोन महिन्यांनी मी बाईंना चिठ्ठी लिहिली: मुलगी मतिमंद वाटते, वेगळ्या शाळेत पाठवावी.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या आणि रेणुकाच्या मागे उभं राहून त्यांनी हाक मारली. ती हलली नाही. समोर येऊन पुन्हा मारली, तेव्हा चटकन उठली. बाईंनी चिठ्ठी मला परत दिली. त्या चिठ्ठीविषयी इतर शिक्षिकांना त्यांनी कधीही कळू दिलं नाही.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दोन्ही कान अधू आहेत, थोडंच ऐकू येतं. घरी मागाच्या खडखडाटात सगळेच ओरडून, हातवारे करून बोलत, म्हणून कुणाला शंकाच आली नव्हती.

आता तिला पुण्याच्या मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत पाठवावं, की आमच्याकडेच ठेवावं? त्या पंधरवड्यात बाईंचा डबा अनेकदा न उघडता घरी गेला. शेवटी त्यांनी पुण्याचं ठरवलं. बाईंनी बोलावल्यावर अंबादास शाळेत आले आणि दारातच उभे राहिले.

"बाई, पोरगी तितं राहील का? तिला तेलगूशिवाय कायबी येत न्हाई की."

"राहील. तिथं शिकवणारी जाणती माणसं आहेत."

"तुमी म्हणता तर पाठवतो."

आम्ही तिला पोचवून आलो. परतताना गाडी कुर्डुवाडीला थांबली. बाई म्हणाल्या, "जाताना ती रडली नाही, हे मला बरं वाटत नाही."

महिन्याभराने बाई एकट्याच भेटून आल्या. शाळा उत्तम होती, इतर मुली रमल्या होत्या. पण रेणुकाजवळ जे थोडे शब्द होते, ते तेलुगूतले. आणि तिथं ते कुणालाच कळत नव्हते. तिने बोलणंच सोडलं होतं. त्याच संध्याकाळी बाई मला घेऊन अंबादासांच्या घरी गेल्या. माग थांबेपर्यंत उभ्या राहिल्या.

"अंबादास, तुम्ही म्हणत होता ते खरं होतं. मी घाई केली. मुलीला परत आणू या."

इतक्या मोठ्या बाई हात जोडतात हे पाहून रेणुकाची आई रडू लागली. परत आणून पुढं काय, हे मात्र आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाईंनी एका पानावर आखणी लिहिली. रेणुकाने पुढच्या बाकावर बसावं. शिकवणारीने फळ्याकडे तोंड करून बोलू नये. शेजारी तेलुगू येणारी मुलगी असावी. डॉक्टरांनी दिलेल्या श्रवणयंत्राची गळ्यातली पिशवी रोज तपासावी. शाळा सुटल्यावर अर्धा तास उच्चार घ्यावेत. तो अर्धा तास बाई स्वतः घेत. शेवटी लिहिलं होतं, "सहा महिन्यांत जमलं नाही, तर आखणी बदलावी." ते सहा महिने मी धास्तीतच काढले. चौथ्या महिन्यात रेणुकाने मला पहिल्यांदा "बाई, पानी" म्हटलं. पुढं आखणी बदललीही, दोनदा.

सगळं सुरळीत झालं, असं मी लिहिणार नाही. रेणुका आता हायस्कुलात आहे. वर्गात साठ मुली, विषयागणिक नवे शिक्षक. कधी ती रडत घरी येते. सेवानिवृत्त बाई दर जूनमध्ये नवं पान घेऊन तिच्या प्रत्येक शिक्षकाला भेटतात. काही ऐकतात, काही घड्याळ पाहतात. बाई पुन्हा जातात.

या लेखासाठी मी अंबादासांना भेटले. बाईंना काय सांगू, असं विचारलं. ते म्हणाले, "तब्येत सांबाळा म्हणावं. लई वर्षं पायजेत त्या आमाला. रेणुकाची म्याट्रिक व्हायचीय अजून."

आम्हा सर्वांचीही बाईंसाठी हीच प्रार्थना आहे.