आत्याचा आवाज मी काढला

सरांनी पावन्यांसमोर मला उभं केलं आन म्हनाले, "हा आमचा ठाकर. राजूरच्या वरचा. काढ रे एखादा आवाज."

पावने चहा पीत हुते. मी आधी कोंबडा काढला. मग एसटीचा कंडक्टर. मग आमच्या आत्याचा. ती सांजच्याला अंगनातनं पोराला हाक मारती तसा. "भिवाऽऽ, कुठं मेलास रं, ये जेवायला."

एका बाईंनी हसता हसता चहा सांडला. सर म्हनाले, "किती अस्सल." आन बिस्किटाची बशी माझ्याकडं सरकवली. सगळ्यांना खुर्च्या हुत्या. मी उभाच.

मला राग आला न्हाई. गोड वाटलं. हे आधीच कबूल करतो, मग पुढचं.

शाळा शिकलो अकोले गावात. तिथं पोरं माझ्या बोलन्याला हसायची. मग मीच आधी बोलून दाखवायला लागलो. हसनारे तेच, पन आता टाळ्या पडायच्या. टाळ्या घेत घेत नगरला एमएला आलो. सरांचा लाडका झालो.

सरांकडं विद्यापीठाचा प्रोजेक्ट हुता. आदिवासींकडनं आजवर नुसतं नेलं, आता नातं जोडायचं, सन्मान करायचा, असं कागदावर छापलेलं. आमच्या ठाकर वाड्यांवरची गानी गोळा करून विद्यापीठाच्या संग्रहात ठेवायची. लग्नाची मिळाली, भातलावनीची मिळाली. मयताचं गानं मिळंना. सर मला म्हनाले, "तुझी आत्या गाते ना? ते नसेल तर संग्रह अपुरा राहील. आठ दिवसांत आण."

आत्या गाती, खरं हाय. आमच्या वाडीत मानूस गेलं की दहाव्याला आत्याला बोलावत्यात. ती मेलेल्याचं नाव घेऊन हाक मारती. ये, बस, शेवटचं जेव, आन मग जा. नाव घेतल्याबिगर ते गानं उभंच ऱ्हात न्हाई.

मी मोबाईल काढून तिच्यासमोर बसलो. म्हनलं, आत्या, एवढं म्हन. ती नाचनी पाखडत हुती.

"कोन मेलंय?" ती म्हनाली.

"कोन न्हाई. कॉलेजला पायजे."

"मग कुनाला बोलवू? कॉलेजला?"

मी हसलो. ती हसली न्हाई. म्हनाली, "माझ्या आईकडं बी आल्ते असेच. लिवून नेलं सगळं. त्येचं काय केलं, कुनी सांगाया आलं न्हाई. न्हाई म्हनते मी. जा, भाकर खाऊन जा."

भाकर खाल्ली आन मोकळ्या हातानं नगरला आलो. आता सरांना जाऊन एवढंच सांगायचं हुतं, की ती न्हाई म्हनाली. मला ते सांगता आलं न्हाई. लाडक्यानं मोकळ्या हातानं जायचं कसं?

भर दुपारी हॉस्टेलच्या न्हानीघरात शिरलो. तिथं आवाज घुमतो. कडी लावली, मोबाईल बादलीवर ठेवला, आन आत्या होऊन गायलो. चाल पाठ हुती, ल्हानपनापासून ऐकलेली. नावापाशी अडलो. गान्याला मेलेला पायजे. आत्याच्या आवाजात माझ्या तोंडून एकच नाव बिनचूक यायचं. भिवा. तेच घातलं.

भिवा म्हनजे आत्याचा एकुलता एक पोरगा, माझ्याच वयाचा. तवा नारायनगावला टोमॅटो तोडायला गेल्ता. धडधाकट.

सरांनी ऐकलं. चष्मा काढून डोळे पुसले. मी बाहेर येऊन पोट धरून हसलो. फॉर्मवर गानारीचं नाव लिवलं, गाव लिवलं. संमतीच्या चौकटीत माझा अंगठा लावला. सरांनी बघितलं. "अंगठा आहे ना? झालं तर."

मग सन्मानाचा कार्यक्रम. मला वाटलं नुसता सन्मान हाय, गानं कपाटात ऱ्हाईल. आत्याला आनायला सरांनी गाडी धाडली. तिला वाटलं, भाच्याला, म्हनजे मला, बक्षीस मिळनार हाय. म्हनून आली. ठेवनीतलं लुगडं नेसून.

स्टेजवर शाल दिली, नारळ दिला. सर लई चांगलं बोलले. "आम्ही तुमचे ऋणी आहोत. आज विद्यापीठ तुमच्यापुढे नतमस्तक आहे." मग दिवे मंद झाले. पडद्यावर आत्याचा फोटो आला. आन आवाज सुरू झाला.

ये रं भिवा. बस रं भिवा. शेवटचं जेव.

आत्या आधी इकडंतिकडं बघाया लागली, कोन गातंय म्हनून. मग तिला कळलं, आवाज आपलाच हाय. मग नाव कळलं. ती उठली. शाल पडली. नारळ गडगडत गेला. सर माइकवर म्हनाले, "मावशी भावुक झाल्या आहेत." सभागृहानं टाळ्या वाजवल्या.

ती सरळ माझ्याकडं आली. स्टेजच्या कडेला मी उभा हुतो.

"भिवाला काय झालं?"

मी खिशातला मोबाईल काढला.

"फोन लाव."

लावला. उचलंना. परत लावला. आत्या पायरीवर बसली. आत चहा सुरू झाला, एक जन येऊन तिच्यासंगं फोटो काढून गेला. ती फोनकडं बघत हुती. तास तरी गेला आसंल. मग भिवाचाच फोन आला. "आये, क्रेट भरत हुतो. एवढे फोन कशाला?"

तिनं त्याला इचारलं, जेवलास का. बास. फोन माझ्या हातात दिला. म्हनाली, "तू केलंस न्हवं."

मी व्हय म्हनलं.

"माझ्या तोंडानं माझं पोर मारलंस."

गाडी नको म्हनाली. एसटीनं गेली. तवापासून माझ्याशी बोलली न्हाई. मी वाडीत गेलो की ती घरात जाती. बरोबर करती.

दुसऱ्या दिशी सरांना सगळं सांगितलं. म्हनलं, ते पुसा. सर म्हनाले, "गाणं तर तुमचंच आहे ना? आवाज कुणाचा का असेना. संग्रहात चढलंय ते आता. तुझं नाव टाकलंय, सहसंशोधक म्हणून." मग आवाज खाली घेऊन, "तूच केलंस म्हणालास तर पहिलं तुझं ॲडमिशन जाईल."

"जाऊ द्या."

लेखी अर्ज दिला. विद्यापीठाच्या समितीपुढं बोलावलं. चार जन हुते, सर त्यातलेच एक. समितीवाले म्हनाले, तज्ज्ञांनी तपासलंय, आवाज खरा आहे. एक मॅडम म्हनाल्या, "तू म्हणतोस तुझा, तर सिद्ध कर. इथं काढून दाखव."

तोंड उघडलं हुतं मी. सवयच. ते चौघं पुढं वाकले. त्यातला एक तर आधीच हसायच्या तयारीत. तवा ध्यानात आलं. आत्याला सगळ्यांपुढं परत उभी करत हुतो मी.

"न्हाई काढनार," म्हनलं.

"मग पुरावा काय?"

"पुढच्या खेपी आनतो."

पुढची खेप बुधवारी हाय. काल नारायनगावला जाऊन भिवाला सगळं सांगितलं. त्यानं क्रेट खाली ठेवला, एक कानाखाली दिली. मग म्हनाला, "माझ्या मयताला मीच यायचं व्हय? येतो. रोज बुडाला तर बुडू दे."

अर्ज नव्यानं लिवलाय. यात माझा अपराध पहिल्या ओळीत, नावासकट. त्याखाली मागन्या. हे गानं पुसा. त्या जागी लिवा, बाईनं गायला नकार दिला. आन बाकीची गानी ज्या वाडीतनं नेली, त्या वाडीत नेऊन वाजवा, ठेवायची का इचारा. न्हाई म्हनले तर न्हाई. तुमाला नातं जोडायचंय ना, मग त्यांच्या दारात जाऊन ऱ्हावा उभे, बशीत बिस्कीट घेऊन बोलावू नका.

मला काढतील. काढू द्या, मी केलंच हाय.

पन बुधवारी भिवाला त्या चौघांच्या टेबलापुढं नेऊन उभा करनार. म्हननार, याचं मयत तुमच्या कपाटात हाय. ते उचलल्याबिगर आमी दोघं हितनं हलत न्हाई.